लॉनचे स्प्रिंकलर काढून ठिबक बसवताना: वाचकांचे प्रश्न

मार्च लागला की आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत निम्मे पाण्याचेच असतात. यंदा त्यातले बरेचसे एकाच गोष्टीवर आलेत, लॉनचे तुषार काढून ठिबक करायचंय, काय करू? म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून फक्त हेच घेतेय.

प्रश्न: ताई, आमच्या बंगल्याभोवती साधारण तीन गुंठे मोकळी जागा आहे, त्यात दोन गुंठे लॉन. आठ वर्षांपूर्वी लॉन लावलं तेव्हाच पॉप-अप स्प्रिंकलर बसवून घेतले, एकूण अकरा आहेत, दोन व्हॉल्व्हवर. कडेने गुलाब, जास्वंद, सोनचाफा, एक लिंबू, एक आंबा आणि कामिनीचं कुंपण आहे. बोअरचं पाणी एप्रिलनंतर कमी पडतं. शिवाय गुलाबांच्या पानांवर काळे ठिपके पडून पानं गळतात आणि कंपाउंडच्या भिंतीचा रंग सुटायला लागलाय. सगळीकडे ठिबक करता येईल का? जमिनीतली पाइपलाइन तीच वापरता येईल का सगळं उकरावं लागेल? (नाशिक)

उत्तर: उकरू नका, एक फूटसुद्धा उकरायची गरज नाही. जमिनीतली पीव्हीसी लाइन चांगली असेल तर ती तशीच राहते, फक्त तिच्या तोंडांवर जे बसलंय ते बदलायचं. पण सामान आणायला जायच्या आधी एक संध्याकाळ काढा आणि लॉनवर खुर्ची टाकून बसा आणि बघा की या दोन गुंठ्यांपैकी पाय कुठे कुठे पडतात. मुलं खेळतात तो भाग, चहा घेता तो भाग, बस. उरलेलं लॉन कोणी वापरत नसतं, ते फक्त पाणी पितं. हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, आणि गुंठा म्हणजे जवळजवळ १०० चौरस मीटर. मे महिन्यात हरळीच्या जातीच्या लॉनलासुद्धा रोज ५ मिमीच्या आसपास लागतं, म्हणजे गुंठ्याला ५०० लिटर, तुमच्या दोन गुंठ्यांना हजार, आणि वाऱ्यात उडून रस्त्यावर जातं ते वेगळंच. पाणी खरं लॉन खातंय हो, गुलाब आणि लिंबू नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगते, लॉन अर्ध्यावर आणा, जेवढं राहील तेवढ्याला स्प्रिंकलरच ठेवा आणि बाकी सगळ्याला ठिबक करा. लॉनच्या खालून ठिबक होतं, नाही असं नाही, पण ते घरगुती बागेत कसं फसतं ते पुढच्या एका प्रश्नात येतंय.

आता दोन व्हॉल्व्ह आहेत ही तुमची मोठी सोय आहे. एका व्हॉल्व्हवर तुषार आणि ठिबक दोन्ही ठेवायचं नाही, हा नियम मोडू नका. तुषारला दहा-पंधरा मिनिटं पुरतात, ठिबकला तास-दीड तास लागतो, एकत्र ठेवलं की एक तरी उपाशी राहतं नाहीतर दुसरं बुडतं. एक व्हॉल्व्ह उरलेल्या लॉनला ठेवा, तिथली नोझल बघून घ्या, भिंतीलगत पूर्ण गोल फिरणारं असेल तर काढून अर्धं किंवा पाव गोलाचं लावा, भिंतीचा रंग तिथेच वाचतो. दुसऱ्या व्हॉल्व्हवरचे सगळे पॉप-अप काढा. त्यातल्या एकाच तोंडावरून ठिबकची नळी निघेल, बाकीच्या तोंडांना अर्ध्या इंचाचे एंड प्लग टेफ्लॉन टेप गुंडाळून घट्ट लावा. प्लग लावायच्या आधी व्हॉल्व्ह दोन मिनिटं उघडून सगळ्या तोंडांतून पाणी वाहू द्या, आठ वर्षांची माती बाहेर पडते आणि ती नाही पडली तर सगळी जाऊन ड्रीपरमध्ये, म्हणजे नळीवरच्या थेंब-थेंब पाणी सोडणाऱ्या तोटीत, बसते.

मग फिल्टर. यावर पैसे वाचवू नका हे मी हात जोडून सांगते. तुषारच्या नोझलमधून बारीक वाळूचा कण आरामात निघून जातो, ठिबकच्या ड्रीपरमध्ये पाण्याची वाट केसाएवढी असते. १२० मेशचा (म्हणजे बारीक जाळीचा) स्क्रीन किंवा डिस्क फिल्टर व्हॉल्व्हच्या नंतर लगेच, आणि हाताला येईल अशा जागी, झुडपाच्या मागे नाही. जागा अडचणीची असली की तो धुतला जात नाही, आणि बोअरच्या पाण्याला उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा धुवावाच लागतो.

तुमच्या बोअरचा पंप थेट लाइनला जोडलेला असेल तर आणखी एक गोष्ट आहे जी बरेच प्लंबर विसरतात. पंधरा फूट फेकणारा पूर्ण गोलाचा एक स्प्रिंकलर मिनिटाला १४ लिटरच्या आसपास पाणी घेतो, पाव गोलाचा साडेतीन. साडेतीन लिटर मिनिटाला म्हणजे तासाला २१०, आणि ४ लिटरचे (म्हणजे तासाला ४ लिटर देणारे) ५० ड्रीपर लावले तरी तासाला २०० लिटरच होतात. म्हणजे आधी कोपऱ्यातला एक छोटा स्प्रिंकलर जेवढं प्यायचा तेवढ्यात आता तुमचे सगळे गुलाब, जास्वंदी, लिंबू मिळून भागतात. बागेसाठी ही आनंदाची बातमी आहे पण पंपासाठी नाही, कारण पंप फेकतोय भरपूर आणि पुढे वाट एवढीशी, मग दाब चढतो, नळ्या जॉइंटमधून सुटतात आणि पंप गरम होतो. त्यामुळे पंपाजवळ एक टी टाकून बायपास, म्हणजे जादा पाण्याची वाट, टाकीत सोडा आणि त्याचा कॉक थोडा उघडा ठेवा, ठिबकला एक किलो दाब मिळाला की झालं. किंवा सरळ टाकीवरूनच ठिबक चालवा.

नळी कुठली घ्यायची? दुकानात दोन प्रकार दाखवतील, एक इनलाइन, म्हणजे ड्रीपर नळीच्या आतच ठराविक अंतरावर बसवलेले असतात, आणि दुसरी साधी काळी १६ मिमीची नळी, तिला पंचने भोक पाडून वरून ड्रीपर टोचायचा. इनलाइन दिसायला नीटनेटकी आणि कुंपणासाठी छान. पण तुमचं पाणी बोअरचं आहे, बाथरूमच्या नळाच्या जाळीवर पांढरा थर बसतो का ते बघा, बसत असेल तर गुलाब आणि झाडांना वरून टोचायचे, आणि त्यातही उघडता येणारे ड्रीपर घ्या. क्षार बसला की ते काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर टाकले की सकाळी ब्रशने साफ होतात. इनलाइनमधला ड्रीपर मात्र उघडून साफ करायची सोयच नसते.

आता झाडाजवळ ड्रीपर कुठे. लिंबाचं मी माझ्या घरचं सांगते. आमच्या परसात लिंबाचं झाड होतं, वडिलांनी लावलेलं, ठिबक केलं तेव्हा मी मोठ्या मायेने ड्रीपर अगदी बुंध्याला टेकवून ठेवला, वाटलं पाणी मुळाशीच गेलं पाहिजे. पुढच्या पावसाळ्यानंतर बुंध्यावर जमिनीपासून वीतभर उंचीवर मधासारखा थेंब दिसला, बोटाला चिकटला, मग साल तडकली आणि आतून तपकिरी ओलं. डिंक्या होता तो. बुंधा सतत ओला राहिला की लिंबूवर्गीय झाडांना तो सहज होतो, मला कळेपर्यंत साल सगळीकडून गेली होती आणि झाड वाचलं नाही. म्हणून सांगते, पाणी पिणारी बारीक मुळं बुंध्याशी नसतातच, ती फांद्यांच्या टोकांच्या खाली जी सावली पडते तिच्या काठाशी असतात. तिथे नळीचा गोल करा, त्यावर चार ड्रीपर, बुंध्यापासून निदान दीड-दोन फूट लांब, आणि झाड वाढेल तसा गोल मोठा करत जा.

वेळेचं गणित असं ठेवा की वेळ सगळ्यांना एकच, ड्रीपरची संख्या झाडाप्रमाणे. दीड तास चालवलं तर गुलाबाला २ लिटरचा एक ड्रीपर म्हणजे ३ लिटर, लिंबाला ४ लिटरचे चार म्हणजे २४ लिटर, उन्हाळ्यात दोघांनाही बेताचं आहे. फक्त आंब्याकडे जाणाऱ्या नळीला वेगळा कॉक लावा, कारण मोहर यायच्या आधी, नोव्हेंबर-डिसेंबरात, आंब्याला पाण्याचा ताण लागतो आणि गुलाबाला त्याच वेळी पाणी हवं असतं.

आणि शेवटी खुरपं. ठिबक बंद केल्यावर दोनेक तासांनी ड्रीपरपासून वीतभर लांब खुरप्याने उकरून बघा. वरून बशीएवढाच ओला डाग दिसतो आणि सगळ्यांना वाटतं एवढ्याने काय होणार, मग लोक पाइप घेऊन वरून पाणी मारतात. पण खाली तो कांद्यासारखा फुगत गेलेला असतो, काळ्या मातीत आडवा पसरतो, मुरमात सरळ खाली जातो. माती मुठीत दाबून लाडू वळला तर पाणी पोचलं, भुगा झाला तर वेळ वाढवा, बोटांतून पाणी निथळलं तर कमी करा. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला हे केलं की तुमच्या बागेचा आकडा तुम्हालाच सापडेल, माझा आकडा फक्त सुरुवातीला धरा. आणि हो, गुलाबाच्या काळ्या ठिपक्यांचं म्हणाल तर पानं कोरडी राहायला लागली की खूप फरक पडतो, गळलेली पानं मात्र वेचून टाका, रोग त्यातच राहतो.

प्रश्न: आमच्याकडे पंप नाही, स्लॅबवरच्या टाकीतूनच बागेला पाणी. प्लंबर म्हणाला तुमच्या प्रेशरवर स्प्रिंकलर कधीच नीट चालणार नव्हते (खरंच, ते नुसते डोकं वर काढायचे आणि थुंकल्यासारखं करायचे). मग ठिबक तरी चालेल का? आणि टायमर आणला होता तो पाणीच सोडत नाही, खराब निघाला का? (पुणे)

उत्तर: ठिबक चालेल, छान चालेल. दहा मीटर उंचीवरून पाणी आलं की एक किलो दाब होतो, तुमची टाकी नळीच्या पातळीपासून पाच-सहा मीटर वर असणार म्हणजे अर्धा किलोच्या वर. पॉप-अपना दोन किलो तरी हवा असतो म्हणून ते थुंकत होते. अर्ध्या किलोवर साधा ४ लिटरचा ड्रीपर तासाला पावणेतीन-तीन लिटर देईल, म्हणजे वेळ तेवढी वाढवायची, बाकी काही नाही. दुकानदार दाब सांभाळणारे महागातले ड्रीपर गळ्यात मारेल, ते तुम्हाला नकोत, त्यांना स्वतःलाच चालायला ठराविक दाब लागतो. नळ्याही फार लांब ओढू नका, एकच साठ मीटरची नळी फिरवण्यापेक्षा मधून टी काढून वीस-वीस मीटरच्या तीन करा, शेवटच्या झाडाला पण सारखं मिळेल.

टायमर बहुतेक खराब नसावा. नळाला लावायच्या टायमरमध्ये दोन जाती येतात, एकीत आत रबरी पडदा असतो, तो पाण्याच्या दाबानेच उघडतो आणि कमी दाबावर उघडतच नाही. दुसरीत मोटरने फिरणारा बॉल व्हॉल्व्ह असतो, त्याला दाब लागत नाही. बदलून देत असतील तर बॉल व्हॉल्व्हवाला घ्या, विचारताना “टाकीच्या पाण्यावर चालतो का” एवढंच विचारा. आणि टाकीच्या तळातून नाही, तळाच्या चार बोटं वरून कनेक्शन घ्या, गाळ सगळा तळाला असतो.

प्रश्न: मॅडम, मी ऐकून लॉनच्या खालीच ठिबक करून घेतलं. कॉन्ट्रॅक्टरने दोन दिवसांत काम केलं, वर हिरवळ अंथरून दिली, पैसे घेतले आणि गेला. तीन महिन्यांत लॉनवर पट्टे पडले, एक हिरवा एक पिवळा, झेब्र्यासारखे. फोन केला की म्हणतो खत कमी पडतंय. खत दोनदा टाकलं. काय करू? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: खत टाकणं आधी थांबवा, तहानलेल्या गवताला खत म्हणजे त्रासच. तुमचे पट्टे पाण्याचे आहेत, हिरवा पट्टा नळीच्या डोक्यावर आणि पिवळा दोन नळ्यांच्या मध्ये. खात्री करायची तर दोन हिरव्या पट्ट्यांमधलं अंतर टेपने मोजा, दोन फूट भरेल असं मला वाटतंय. दोन फूट अंतर उसाला वगैरे चालतं, लॉनची मुळं चार-सहा इंचांपर्यंत असतात आणि बंगल्याच्या प्लॉटवर वर सहा इंच आणलेली लाल माती आणि खाली मुरूम असतो, त्यात पाणी आडवं पसरतच नाही. लॉनखाली नळ्या एक फुटावर एक हव्यात, नळीतले ड्रीपरही फुटावर, आणि खोली चार ते सहा इंच, त्याहून खोल नाही.

दोन वाटा आहेत. मधल्या पिवळ्या पट्ट्यात कुदळीने चर मारून आणखी एकेक नळी टाका, जुन्या सबमेनलाच (या नळ्यांना पाणी पुरवणाऱ्या जाड नळीला) जोडता येते, गवत महिन्याभरात भरून येतं. दोन लिटरचे ड्रीपर फूट बाय फुटावर असले की तासाला २२ मिमी पाणी पडतं, म्हणजे रोजचं ५-६ मिमी द्यायला पंधरा मिनिटं पुरे, तास तास चालवलंत तर सगळं मुरमात जाईल. दुसरी वाट, तेवढं लॉनच कमी करून पट्ट्यांच्या जागी नळीच्या रेषेत फुलझाडं लावा, नळ्या आयत्या आहेतच. मी तुमच्या जागी असते तर दुसरी घेतली असती, कारण जमिनीखालचं ठिबक मला घरगुती लॉनला पटत नाही. गवताची मुळं ड्रीपरच्या भोकात शिरतात, एखादा बंद पडला तर पिवळा डाग दिसेपर्यंत कळत नाही, आणि कुणीतरी कधीतरी तिथे कुदळ मारतंच. तुमची नाराजी मला कळते, पण त्या माणसाच्या फोनची वाट बघत उन्हाळा घालवू नका, गवताचा जीव तोपर्यंत राहणार नाही.

प्रश्न: ताई, आम्ही कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतो. पुढचं लॉन काढून ठिबकवरची झाडं लावायची आहेत. बाबा मे मध्ये येतायत, त्यांची शेती जळगावकडे आहे आणि ते म्हणतात इथूनच सगळं ठिबकचं सामान बॅगेत घालून आणतो, तिकडे महाग पडेल. आणू देत का?

उत्तर: बाबांना हातच घेऊन येऊ देत, सामान नको. जळगावच्या शेतकऱ्याला ठिबक कळतं तेवढं तुमच्या तिकडच्या गार्डनरला कळणार नाही, पण सामान जुळणार नाही. नळ्यांच्या बाहेरच्या व्यासात फरक असतो आणि तो एक-दोन मिमीचा फरकसुद्धा जॉइनर सुटायला पुरतो, शिवाय आपल्या आणि अमेरिकेच्या फिटिंगचे आटे वेगळे, फिरवताना बसल्यासारखे वाटतात आणि मग झिरपत राहतात. तिकडे पॉप-अपच्या जागी बसणारी तयार किट मिळते ज्यात फिल्टर आणि दाब ३० पीएसआयच्या (पीएसआय हे तिकडचं दाबाचं माप) आसपास आणणारा रेग्युलेटर एकत्र असतो, व्हॉल्व्हवरच्या एका हेडला ती लावायची आणि बाकीच्या हेडना टोप्या. घराच्या लाइनला ५० ते ८० पीएसआय असतो म्हणून रेग्युलेटरशिवाय चालवू नका.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. तुमचा व्हॉल्व्ह अँटी-सायफन जातीचा (बागेचं पाणी उलटं घराच्या लाइनमध्ये जाऊ न देणारा) असेल, जमिनीच्या वर टोपीसारखा दिसतो, तर तो सगळ्यात उंच ड्रीपरपेक्षा निदान सहा इंच वर असायला लागतो, त्यामुळे उंच वाफा केलात तर आधी हे मोजा. आणि लॉन काढल्याबद्दल पाणीखात्याकडून परतावा घ्यायचा असेल तर अर्ज मंजूर व्हायच्या आधी गवताला हात लावू नका, बहुतेक ठिकाणी उभं लॉन त्यांना आधी दाखवावं लागतं. बाबांना घाई झाली तरी थांबवा.

प्रश्न: ठिबक करून एकच महिना झाला आणि खारींनी नळ्या नऊ ठिकाणी कुरतडल्या. औषध टाकू का? (वाई)

उत्तर: औषध अजिबात नको. उन्हात त्यांना तहान लागते आणि नळीत पाण्याचा वास येतो, एवढंच आहे ते. बागेच्या दोन कोपऱ्यांत उथळ मातीची भांडी ठेवा आणि ती रोज भरा, रिकामं भांडं ठेवलंत तर खार परत नळीकडेच येणार. नळ्यांवर तीन-चार बोटं पालापाचोळा किंवा उसाचं पाचट घाला, नळी दिसत नाही आणि ओलही टिकते. कुरतडलेला तुकडा कापून जॉइनर टाका, दहा-बारा जॉइनर घरात ठेवाच. चिकटपट्टी गुंडाळू नका, ती दोन दिवसांत सुटते.

प्रश्न: घरच्या बागेला ठिबकचं सरकारी अनुदान मिळतं का? (सोलापूर)

उत्तर: नाही. ते शेतीसाठी आहे, अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर होतो आणि नावावर शेतजमीन असावी लागते.

प्रश्न: आमच्याकडे पाऊस म्हणजे चार महिने झोडपतो. ठिबक तसंच ठेवायचं की उचलायचं? (सावंतवाडी)

उत्तर: उचला. तुमच्याकडे जूनमध्ये वाहून येणारी माती ड्रीपरवर बसते आणि मुंग्या, गोगलगायी आत घर करतात. पाऊस लागायच्या आधी एंड कॅप (नळीच्या शेवटची टोपी) काढून प्रत्येक नळी पाच मिनिटं वाहू द्या, पहिलं पाणी तांबडं येईल, स्वच्छ येईपर्यंत थांबा. मग नळ्या मोठा वेढा करून गुंडाळा, घट्ट गुंडाळल्या की घडी पडते आणि तिथेच पुढे फुटतात. फिल्टरची जाळी धुऊन वाळवून वेगळी ठेवा. उचलायच्या आधी प्रत्येक नळीच्या सुरुवातीला रंगीत दोरा बांधा, लाल पोफळीच्या नळीला, पिवळा अबोलीच्या वाफ्याच्या नळीला, असं, आणि त्याच रंगाचा दोरा तिथल्या झाडालाही बांधा. ऑक्टोबरात अर्ध्या तासात सगळं परत जागेवर बसेल.